भानांक एकसष्ट

"यांच्या वागण्यात अलीकडे काही बदल जाणवतो का?" डॉक्टर तांबोळींनी विचारलं. पस्तीस वर्षं संसार झालेल्या बाईला हा प्रश्न जरा जपून विचारावा.

"बदल म्हणजे कसला?"

"विसरणं. चिडचिड. विचारलेल्याचं उत्तर उशिरा देणं. निर्णय घेता न येणं."

"हे चारही गुण साखरपुड्यापासूनचे आहेत," मी म्हटलं. "नवीन काय झालंय ते विचारा."

शेजारच्या खुर्चीत शिरीष हुपरीकर, म्हणजे आमचे हे, भिंतीवरचं पोटाचं चित्र निरखत बसले होते. मग अगदी सावकाश म्हणाले, "बाहेरची रेघ जाड झालीय. पेन बदलायला हवं होतं."

पाटबंधारे खात्यात हे आरेखक होते. कालवे, बंधारे, चाऱ्या. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन रकान्यांची चौकट असते: आरेखन, तपासणी, मंजुरी. यांनी नोकरीची सगळी वर्षं पहिल्या रकान्यात इवलीशी सही केली. मंजुरी साहेबाची. कालवा चुकीच्या शेतातून गेला तर शिव्या साहेबाला, यांची रेघ मात्र सरळच. ही सोय यांना इतकी मानवली की हे ती घरी घेऊन आले. घर मिरजेत घ्यायचं की सांगलीत? "तू बघ." ऋजुताला कुठल्या शाळेत घालायचं? "तू बघ." माझं बाळंतपण इथं की माहेरी? तेसुद्धा "तू बघ." मी बघत आले. एसटीच्या मिरज आगारात मी भांडारपाल होते. टायर, ब्रेकचे पट्टे, नटबोल्ट, पुढं विजेच्या गाड्या आल्यावर त्यांच्या बॅटऱ्या. आवक, जावक, शिल्लक. जुळलं नाही तर संध्याकाळी घरी जायचं नाही. त्याच शिस्तीत संसार रेटला.

नवीन झालं होतं ते इतकंच: आमच्या सोसायटीनं पार्किंगचे पट्टे आखायचं काम यांच्यावर सोपवलं होतं, आणि यांची रेघ वाकडी आली. दोरी लावून, खडू मारून, तरी वाकडी. सोळा नंबरची जागा पुढं रुंद आणि मागं चिंचोळी. लोक हसले. मी हसले नाही. या माणसाच्या हातून वाईट निर्णय होऊ शकतो, पण वाकडी रेघ होऊ शकत नाही, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी यांना दोन्ही हात पुढं करून तळवे उभे धरायला सांगितले, रहदारी अडवणाऱ्या पोलिसासारखे. तळवे थोड्या थोड्या वेळानं आपोआप खाली पडत, पुन्हा वर येत. कागदावर चांदणी काढायला दिली. पाच टोकांची चांदणी यांनी चार टोकांची काढली आणि पाचवं टोक शोधत बसले.

"यकृत," डॉक्टर म्हणाले. "सिऱ्हॉसिस आहे. बराच जुना असावा."

"हे घेत नाहीत," मी म्हटलं.

"घ्यायला लागत नाही. साखर, वजन, यकृतात साचणारी चरबी. वीस वर्षांत ती चरबीच व्रण करते."

यांचं व्यसन एकच, संध्याकाळची जिलेबी. पण ते सांगायचं कुणाकुणाला? तिसऱ्या मजल्यावरच्या पाटीलवहिनी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "भाऊजी इतके सज्जन, कधी वासही आला नाही हो." मी म्हटलं, "वास यायला आधी प्यावं लागतं, वहिनी." त्यांनी मान हलवली. बायका नवऱ्यावर पांघरूण घालतात, हे त्यांनी मनात नोंदवून टाकलं असणार.

यकृताच्या दुखण्यात डोकं का बिघडतं, ते डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आपण खातो त्यातली प्रथिनं पचताना आतड्यातले जिवाणू अमोनिया तयार करतात. नाकात झोंबणारा असतो, तोच. धडधाकट यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे जातो. यकृतभर व्रणांच्या गाठी झाल्या की रक्ताला त्यातून वाट मिळत नाही. ते आडवाटेनं, न गाळता, थेट अंगभर फिरतं. मेंदूत तारकापेशी नावाच्या पेशी असतात, चांदणीसारखे फाटे फुटलेल्या. त्या अमोनिया स्वतःच्या पोटात घेतात आणि फुगतात. त्यांच्या दाटीतून निरोप जातात, पण सावकाश. माणूस वेडा होत नाही. मंदावतो. दिवसा पेंगतो, रात्री टक्क जागा. लक्ष एका जागेवरून उठून दुसरीकडे बसायला वेळ घेतं.

मला हे चटकन कळलं. आगारातला धुलाईचा हौद बंद पडला की गाड्या चिखलासकट फलाटाला लागतात. मग खिडकीतून दिसत नाही, आणि दोष ड्रायव्हरला.

औषध होतं लॅक्टुलोज. पचत नाही अशी साखर, पाकासारखी दाट, म्हणून घरात तिचं नाव 'पाक' पडलं. ती आतड्यात आंबते, आम्ल होतं, त्या आम्लात अडकलेल्या अमोनियाला रक्तात शिरता येत नाही. त्याला एकच दरवाजा उरतो. म्हणून दिवसातून दोन-तीनदा पोट साफ व्हायलाच हवं. मी वही घातली. डाव्या पानावर पाक किती गेला, उजव्या पानावर हे किती वेळा गेले. पस्तीस वर्षांच्या सेवेचा असा उपयोग होईल असं निवृत्तीच्या सत्कारात कुणी बोललं नव्हतं.

आणि मग डॉक्टरांकडून आला चष्मा.

चष्म्याच्या चौकटीत मोहरीएवढा दिवा. तो सेकंदाला साठदा लुकलुकतो, मग वेग कमी कमी करत आणतो. ताज्या मेंदूला लुकलुक लवकर कळते, सुस्तावलेल्याला बराच वेळ तो सलग उजेडच वाटतो. बाहुली कधी दचकते ते चष्मा टिपतो. कानामागचा भाग घामातला अमोनिया मोजतो. दोन्हीचा मेळ घालून दर पाव तासाला एक आकडा: भानांक. शंभरपैकी. सत्तरच्या वर माणूस आपला आपण. सत्तरच्या खाली त्याची सही, त्याचं मत, त्याचा होकार कायद्यानं धरायचा नाही. चांगल्या हेतूनं केलेला नियम. आजारी माणसांकडून घरंदारं लिहून घेणारे कमी नव्हते.

पण हा आकडा उमटायचा कुठं, तर काडीच्या बाहेरच्या अंगाला. सोबतच्या माणसाला दिसावा म्हणून. म्हणजे आकडा यांचा, दिसायचा सगळ्या मिरजेला, आणि हे एकटे सोडून.

महिन्याभरात लोक यांच्या चेहऱ्याकडे बघायचे बंद झाले. भाजीवाला आधी कानशिलाकडे बघून मग पेंडी द्यायचा. सोसायटीच्या सभेत यांनी लिफ्टच्या कंत्राटाविरुद्ध हात वर केला तर सेक्रेटरी म्हणाले, "हुपरीकर चौसष्टवर आहेत, मत धरू नका." लिफ्ट दोन महिन्यांत बंद पडली, तो भाग वेगळा. घरात मीही काही कमी केलं नाही. पंख्यावरून, टीव्हीवरून, कशावरूनही वाद निघाला की मी म्हणायचे, "आकडा बघा आणि मग बोला." एकदा असंच बोलले आणि वळून पाहिलं, तर अठ्ठ्याऐंशी. यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. त्या दिवशी जिलेबी मी स्वतः आणली.

मला खरा वैताग दिला तो चढत्या आकड्यांनी. ब्याण्णव भानांकाला हा माणूस पंखा दोनवरच ठेवायचा म्हणायचा, घामाघूम होऊन. त्र्याण्णवला तोच शर्ट. चौऱ्याण्णवला "तू बघ." म्हणजे तो दोष यकृताचा नव्हता. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मला आजार आणि स्वभाव वेगळे मोजून मिळाले होते, आणि स्वभावाचा ढीग केवढा तरी मोठा निघाला.

वर्ष सरता सरता डॉक्टरांनी सांगितलं की पाकानं आता फार दिवस निभणार नाही. यकृत बदलायला हवं. जिवंत माणसाचा तुकडा चालतो, देणाऱ्याचं परत वाढतं. पहिली तपासणी माझी झाली. माझंही यकृत चरबीनं माखलेलं निघालं. मग ऋजुता पुढं आली. तेहतीस वर्षांची, पुण्यात राहते, लग्नाला आठ वर्षं झालेली. रक्तगट जुळला, सगळं जुळलं. जावई निनादराव म्हणाले, "आई, ती ठरवेल ते. मी रजा टाकतो." सगळे तयार. एक माणूस सोडून.

कारण आमच्याकडची रीत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. सासूबाईंनी पाळली, यांनी पुढं चालवली. ऋजुता-निनादनं मूल नको असं ठरवलेलं, म्हणजे यांचा उपास जन्माचा. पुण्याला जाताना हे मिरजेहून पाच लिटरचा पाण्याचा कॅन घेऊन जातात. मी मुकाट्यानं तिथला चहा पिते, हे माझ्या कपाकडे बघत कॅनची तोटी सोडतात.

"पाणी नको म्हणणारा बाप यकृत घेईल?" ऋजुता फोनवर हसत म्हणाली होती. नंतर हसायची थांबली.

कारण हे घेत होते आणि नव्हते. भानांक बावन्नला असताना, भर दुपारी, यांनी व्हिडिओवर तिला लहान मुलासारखं म्हटलं, "ऋजू, देशील ना गं? मला जायचं नाहीय इतक्यात." मी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी पाक लागू पडला, आकडा शहाऐंशी. तिनं ते चित्रण दाखवलं तर म्हणाले, "मी असं म्हणणं शक्यच नाही. बावन्नला माणूस काय वाटेल ते बोलतो."

"मग शहाऐंशीला काय म्हणता?"

"विचार करतो."

पुण्याच्या त्या रुग्णालयात प्रत्यारोपणासाठी एक समिती होती. अध्यक्ष डॉक्टर चित्रा नाडगौडा, पांढरे केस, आवाजात इस्त्री. पहिल्या बैठकीत हे एक्क्याऐंशीवर होते. "तुम्हाला मुलीचं यकृत हवं आहे का? हो किंवा नाही." हे म्हणाले, "विचार करून सांगतो." दुसऱ्या बैठकीत एकोणऐंशी. हे म्हणाले, "हिला विचारा ना. घरचं सगळं हीच बघते."

"त्यांना विचारता येणार नाही," नाडगौडा म्हणाल्या. "तुमचं भान शाबूत आहे तोवर उत्तर तुमचंच. तिसऱ्या बैठकीतही उत्तर नाही आलं तर प्रकरण बंद. मुलीला परत वर्षभर देता येणार नाही." मग फाईल मिटता मिटता, नियम सांगायचा म्हणून सांगितला: "हां, त्या दिवशी भानांक सत्तरच्या खाली असेल तर निर्णय पत्नीकडे जाईल."

मी यांच्याकडे बघितलं. साहेब बदलून आल्यावर आरेखकाच्या खोलीत जसे चेहरे व्हायचे तसा यांचा चेहरा झाला होता. कोणीतरी वर आहे म्हटल्यावर सैलावलेला. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. ही माझी चूक. आगारात असले चेहरे मी कोठाराच्या दारातूनच ओळखायचे.

त्यानंतर भानांक उतरायला लागला. अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याहत्तर, एकोणसत्तर. डॉक्टर तांबोळींनी पाकाची मात्रा वाढवली. तरी उतरला. मी वही काढली. डाव्या पानावर पाक भरपूर: दिवसाला चार मापं, बाटल्या भराभर रिकाम्या. उजव्या पानावर दिवसाला एकदा, कधी तेही नाही. चार मापं आत जातात आणि बाहेर काही येत नाही. हा साठा गेला कुठं? माणसाच्या पोटात इतकं कोठार नसतं.

तिसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी आम्ही ऋजुताकडं पोचलो. कॅनसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हे दाढी करत होते. मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेले. तिथं तिनं सोनचाफ्याचं झाड कुंडीत लावलंय. त्या कुंडीला मुंग्या लागल्या होत्या. थोड्याथोडक्या नाहीत, लग्नाच्या पंगतीसारख्या. रांग कुंडीतून निघून भिंतीवरून थेट न्हाणीघराच्या खिडकीकडं. मी मातीला बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं.

पाक.

मिरजेत आमच्या कोरफडीला महिनाभर मुंग्या होत्या. मी कोरफडीला हळद घालत होते.

न्हाणीघरात गेले. हे आरशासमोर मान तिरकी करून उभे होते, चष्म्याची काडी आरशाकडं. उलटा उमटलेला आकडा वाचत होते. आणि का नाही वाचणार? उमेदवारीच्या काळात यांनी नकाशे मागच्या बाजूनं गिरवलेत, यांना उलटं सुलट सारखंच. सगळ्या मिरजेला वाटत होतं हुपरीकरांना आपला आकडा दिसत नाही.

"किती?" मी विचारलं.

"एकसष्ट," हे म्हणाले. मग आपण काय बोललो ते उशिरा लक्षात आलं. आजारच तसा.

"का केलंत?"

हातातला वस्तरा ठेवायला यांना जागा सापडेना. मी तो काढून घेतला. हे न्हाणीच्या कट्ट्यावर बसले.

"मी हो म्हटलं आणि तिला काही झालं तर?" हे एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे बोलले. "मी नाही म्हटलं तर तू एकटी. दोन्ही माझ्याच्यानं लिहवत नाही, हेमा. तू सही कर. तू बघ."

आयुष्यात मी यांच्यावर बरीच ओरडले आहे. त्या सकाळी मी वस्तरा धुतला, पुसला आणि फळीवर ठेवला. जीव जायची वेळ आली तरी या माणसानं स्वतःचा मेंदू फुगवून घेतला, पण मंजुरीच्या रकान्याला हात लावला नाही! कसलीही तयारी न करता हा गृहस्थ माझ्या मांडीवर लेकीचं यकृत ठेवून मोकळा होत होता.

दार अर्धं उघडं होतं. ऋजुतानं सगळं ऐकलं होतं. मला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"आई, तू काही करू नकोस. एकसष्ट आहेत ना? चार वाजता जाऊ. तू सही कर. संपलं."

खरंच संपलं असतं. मला काहीच करायचं नव्हतं. आणखी नऊ तास गप्प बसायचं, बस. नवरा वाचला असता. आणि पाक पाजून भानावर आणला तर हा ब्याण्णवला काय बोलेल याची खात्री जगात कुणाला नव्हती. मला तर मुळीच नाही.

"आणि उद्या तुला कुणी विचारलं तर काय सांगशील? आईनं मागितलं म्हणून दिलं?"

"मला चालेल."

"मला नाही चालत. यांच्या वतीनं मी शाळा निवडली, घर निवडलं, यांच्या आईच्या तेराव्याचा स्वयंपाकसुद्धा. तुझ्या पोटाला चीर पडणार ती मी निवडणार नाही. मागायचं तर ज्याला हवंय त्यानं मागावं."

"बाबा नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणाले." हे मी मोठ्या ठसक्यात बोलले आणि ओट्याला धरून उभी राहिले. "निदान एकदा काहीतरी म्हणतील."

"कमाल आहे तुमच्या दोघांची," ऋजुता म्हणाली. "मी द्यायला तयार आहे तर तुम्ही दोघं नियम दाखवताय." पण पाकाची बाटली तिनंच पिशवीतून काढली.

मी यांच्यासमोर माप भरून धरलं. "प्या. माझ्यासमोर. कुंडी तिकडं आहे, मी इथं आहे." यांनी माझ्याकडं बघितलं, मापाकडं बघितलं, आणि प्याले. तासानं दुसरं. रुग्णालयात लवकर पोचून मी नर्सला सगळं खरं सांगितलं. ती तोंडावर हात धरून हसली आणि यांना एनिमा द्यायला घेऊन गेली. वाटेत हे पुटपुटले, "एवढ्यासाठी शिकलो का मी." मी म्हटलं, "शिकला असता तर ही वेळ आली नसती."

एक वाजता त्रेसष्ट. अडीचला सहासष्ट. हे जात होते, येत होते. कॅन गाडीतच राहिला होता आणि गाडी घेऊन निनादराव बँकेत गेलेले. पावणेचारला अडुसष्ट. ऋजुता बाकावर माझ्या शेजारी बसून माझ्या वहीत बघत होती. वर्षभराची पानं, तारीखवार.

"आई, हे सगळं तू लिहिलंस?"

"भांडारपालाला दुसरं काय येतं."

चारला आत बोलावलं. डॉक्टर नाडगौडा, दोन सभासद, टेबलावर एक कागद. नाडगौडांनी यांच्या कानशिलाकडं बघितलं.

"एकोणसत्तर." त्यांनी चष्मा वर केला. "सौ. हुपरीकर, नियमानं आता निर्णय तुमच्याकडं येतो."

कागद माझ्याकडं सरकला. पेन सरकलं. ऋजुताचा श्वास मला ऐकू येत होता. एक आकडा कमी. एकच. मी यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर सही केली असती.

"मॅडम," हे म्हणाले. "पंधरा मिनिटं देता?"

"कशाला?"

"पोटात कळ आहे. जाऊन येतो."

सभासदांपैकी एकाला हसू आवरेना. नाडगौडांनी घड्याळाकडं बघितलं, मग यांच्याकडं बराच वेळ. "जा."

हे गेले. तिकडं न्हाणीघरात आरसा असतो, मला माहीत होतं. यांना एकोणसत्तर दिसणार, आणि तसंच राहायचं तर फक्त वेळ काढायचा होता. वीस मिनिटं आत बसून राहिले असते तर कोण बोललं असतं? चौदाव्या मिनिटाला दार उघडलं. हे भिंतीला धरत आले. काडीवर बहात्तर.

"बसा," नाडगौडा म्हणाल्या. "मुलीचं यकृत हवं आहे का? हो किंवा नाही."

यांनी ओठ ओले करायचा प्रयत्न केला, जमेना. दिवसभर इतकं बाहेर गेलं होतं की घशात थुंकी नव्हती. सभासदानं टेबलावरची पाण्याची बाटली पुढं केली. यांनी ती हातानं बाजूला सारली आणि ऋजुताकडं वळले.

"ऋजू, तुझ्या पिशवीत पाणी आहे?"

"आहे."

"तुझ्या घरचं?"

तिनं मान हलवली. तिनं बाटली काढून दिली. थोडं यांच्या शर्टावर सांडलं. आठ वर्षांत पहिल्यांदा हा माणूस लेकीच्या घरचं पाणी घटाघटा प्याला, आणि अर्धी बाटली संपवून टोपण लावत बसला. टोपण लागेना. तिनं लावलं.

"हुपरीकर, पाणी झालं असेल तर उत्तर द्या," नाडगौडा म्हणाल्या. त्यांना बिचारीला काय ठाऊक.

"उत्तर..." मी तोंड उघडलं.

"हेमा, थांब." हे म्हणाले. मला! "हो. हवंय मला. मी मागतोय. ती देते म्हणून नाही, मी मागतोय म्हणून लिहा."

कागद यांच्याकडं गेला. यांची नजर सवयीनं उजव्या कोपऱ्यात खाली गेली, इवलीशी जागा शोधायला. नाडगौडांनी बोट ठेवलं. "तिथं नाही. इथं वर. मोठी करा."

यांनी टेबलावरची दोन पेनं उचलली. एक निळं, एक काळं. दोन्ही उजेडात धरून टोकं बघितली. सभासदानं घड्याळ बघितलं. काडीवर त्र्याहत्तर.

"हेमा," हे माझ्याकडं वळून म्हणाले, "कुठलं घेऊ?"

"तुम्ही बघा," मी म्हटलं.